ऊसतोडीच्या कोप्यांवर सौर दिवे आणि गॅस द्यायचाय. कुणी असं केलंय का?

कृष्णाकाठची_वहिनी (वाळवा तालुका)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आमच्या विहिरीलगतच्या पडीक तुकड्यात बीडकडची टोळी उतरते. वीसएक कोयते, म्हणजे तेवढ्या नवराबायकोच्या जोड्या. शिवाय लेकरं, एखाददुसरी म्हातारी, बैलं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत मुक्काम इथंच. कोप्या बांबूच्या, वर ताडपत्री नि पाचट. लाईट नाही. रेशनचं रॉकेल गेल्यापासून चिमणी डिझेलवर पेटवतात, सकाळी पोरांची नाकं काळी असतात.

मोबाईल चार्जिंगला आमच्या गोठ्यातला बोर्ड. संध्याकाळी तिथं मोबाईलचा गुंता लोंबकळत असतो आणि धार काढायला गेलेल्या सासूबाई रोज एकदा तरी ओरडतात. आमच्या मालकांनी मागं मोटारीच्या पेटीतून वायर ओढून दोन बल्ब दिले होते. वायरमननं बघितलं आणि लगेच काढायला लावलं. शेतीपंपाची लाईन दुसऱ्या कशाला वापरली तर दंड येतो म्हणे.

जळणाचा तर रोजचा तंटा. बांधावरची बाभूळ गेली, ओढ्याकडची वेडी बाभूळ गेली, आता शेजाऱ्याच्या शेवग्यावर डोळा आहे.

आमच्या बचत गटाकडं थोडी शिल्लक आहे. माझा भाऊ पुण्यात असतो, तोही हातभार लावतो म्हणतोय. हंगामाआधी सौर दिवे घ्यावेत आणि जमलं तर गॅसचं काही करावं, असं डोक्यात आहे.

पण गटाच्या बैठकीत विषय काढला आणि गायरानातल्या बायका भडकल्या. आमच्याच गावची आठ घरं आहेत ती. जागा नावावर नाही म्हणून मीटर नाही. एकजण तोंडावर म्हणाली, "ती चार महिन्यांची माणसं, त्यांना दिवे. आम्ही जन्माची इथली, आम्हाला काय?" मला उत्तर सुचलं नाही. कुठले दिवे घ्यावेत, गॅस कसा मिळेल आणि या बायकांना काय सांगावं?

जुना_बागायतदार (तासगाव)

वहिनी, मन मोठं आहे तुमचं, पण हे काम कारखान्याचं आणि मुकादमाचं. तोडणी-वाहतुकीचे पैसे ते घेतात, सोय त्यांनीच करायला पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं महामंडळही आहे सरकारचं, तिकडं अर्ज करा. दिवे दिले तर मार्चमध्ये ट्रॅक्टरवर चढून बीडला जातील आणि पुढच्या वर्षी दुसरी टोळी हात पसरून उभी राहील. गट बायकांच्या घामावर उभा आहे, विचार करून खर्च करा. राग मानू नका.

वाडीचा_पंपवाला (पलूस तालुका)

वहिनी, तुमच्या बैठकीतलं ते वाक्य मी कुतुपालाँगच्या निर्वासित कॅम्पात ऐकलंय, चटगावी बोलीत, अगदी याच अर्थाचं. किर्लोस्करवाडीत पंपावर हात बसला, पुढं एका ठेकेदाराबरोबर बांगलादेशात कॉक्स बझारला सौर पंप बसवायला गेलो. म्यानमारमधून २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या तिथं आले, आधीचे होतेच. त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा भाग वाचा.

उजेडाचं काम सोपं असतं. खरा प्रश्न चुलीचा. एवढी माणसं आली, सगळ्यांना दोन वेळचा भात शिजवायचा, आणि जळण म्हणजे कॅम्पाभोवतीचं जंगल. आधी फांद्या गेल्या, मग झाडं, मग लोकांनी मुळं खणून काढली. मुळं गेली की पावसात टेकडी घसरते, आणि त्या घसरणाऱ्या टेकडीवरच झोपड्या. लाकडाला लांब जाणाऱ्या बायका-पोरींवर हल्ले व्हायचे ते वेगळंच. शेवटी २०१८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घरटी गॅसची शेगडी आणि सिलिंडर द्यायला सुरुवात केली. बांबू ठोकून वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या केलेल्या असतात, त्यावरून दोघंजण बांबूला सिलिंडर लटकवून चढताना दिसायचे. घरात कर्ता गडी नसला की म्हातारीनं सिलिंडर वर न्यायचा कसा, हा शेगडी वाटताना कुणाच्या ध्यानात न येणारा प्रश्न. तिथं मग हमाल लावावे लागले. पण टेकड्या पुन्हा हिरव्या व्हायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुमच्या गायरानातल्या बाईचं म्हणणं. उखिया आणि टेकनाफ हे दोन तालुके मुळात गरीब. तिथल्या माणसाचं जंगल गेलं, रोजगाराचा भाव पडला, रस्त्यावर ट्रकांची रांग लागली, आणि वर समोरच्या टेकडीवर फुकट गॅस चाललेला तो बघतोय. तो चिडणारच. म्हणून भोवतालच्या गावांतल्या काही कुटुंबांनाही त्याच कार्यक्रमातून शेगड्या दिल्या. केनियात काकुमा म्हणून कॅम्प आहे, १९९२ पासूनचा. तिथं तुर्काना लोक मूळचे, गुरं राखणारे. निर्वासित बायका लाकडाला रानात गेल्या की तुर्काना अडवायचे, लाकूड आमचं म्हणून. तुमच्या शेजाऱ्याच्या शेवग्याचंच भांडण ते, फक्त तिथं माणसं जखमी व्हायची. पुढं काकुमाशेजारी कालोबेयेई वसवलं तेव्हा निर्वासित आणि तुर्काना दोघांनाही धरूनच त्याची आखणी केली. युगांडानं तर धोरणच ठेवलंय: निर्वासितांच्या नावानं येणाऱ्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आजूबाजूच्या स्थानिक वस्तीच्या कामाला.

म्हणजे ती बाई चुकीचं बोलत नाहीये. तिला "तुमचं पण बघू" असं सांगू नका, ते ती ग्रामपंचायतीत ऐकत आलीय. योजनाच तिच्या दारातून सुरू करा.

कशी, ते सांगतो. टोळी जाणारी, गायरान राहणारं. तेव्हा पॅनेल आणि बॅटरी गायरानात, दिवे टोळीकडं. गायरानातल्या एका बाईनं चार्जिंग सांभाळायचं, दिव्यामागं मोबाईलमागं दोन-पाच रुपये तिनं घ्यायचे. टोळी गेल्यावर तीच बॅटरी आठ घरांचे बल्ब चालवील. बागायतदार काका, तुमची शंका यात निम्मी मिटते. बीडला गेला तर दिवा जाईल, पॅनेल जात नाही.

हिशेब ढोबळ धरा. वीस दिव्यांना रोज २०० वॅट-तास. तीसेक मोबाईल, साडेतीनशे. आठ घरांना दोन-दोन पाच वॅटचे बल्ब पाच तास, म्हणजे ४००. सगळं मिळून एक युनिटच्या, म्हणजे हजार वॅट-तासांच्या आत. आपल्याकडं हिवाळ्यात चांगलं ऊन पाचेक तासांचं, त्यातले तीस टक्के तोट्यात धरा, तर ३३५ वॅटचा एक पॅनेल कागदावर पुरतो. तुम्ही दोन घ्या. तोड सुरू असताना कुणी ना कुणी पाचट पेटवतंच, त्याची काजळी पॅनेलवर बसते आणि पुसायला कुणाला सुचत नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२ व्होल्ट १०० अँपिअर-तास. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी फुकट देत असेल तरी नको, पाणी टाकायला विसरतात आणि ती हंगामातच मरते.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गायरान म्हणजे अतिक्रमण, तिथं पक्का खांब रोवला तर उद्या कुणीतरी तक्रार करील. कॅम्पांचंही हेच दुखणं. सरकारांना वाटतं खांब रोवला, तार ओढली की ही माणसं कायमची राहणार, म्हणून "तात्पुरतं" या नावाखाली वर्षानुवर्षं अंधार. जॉर्डनमध्ये सीरियातून आलेल्या निर्वासितांसाठी झातारी कॅम्प २०१२ साली उघडला. लोकांनी रस्त्यावरच्या दिव्यांवर आकडे टाकून घरं उजळली, जसं कुठलाही माणूस करील. १२.९ मेगावॅटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या पैशातून आला तो २०१७ च्या नोव्हेंबरात. तिथल्याच अझराकचे लोक २०१४ पासून कंदिलांवर होते, त्यांना २०१७ च्या मे महिन्यात दोन मेगावॅटचा प्रकल्प मिळाला, आणि कॅम्पाला पुरून उरलेली वीज जॉर्डनच्या ग्रिडमध्ये जाते. तुम्ही सुटं लोखंडी स्टँड करा, नटबोल्टचं. उचलून नेता येतंय म्हटल्यावर कुणी बोट ठेवत नाही.

फलटणची_चूल (फलटण, सातारा)

पंपवाल्या दादांनी चुलीचा विषय काढला म्हणून लिहिते. सुदानमधल्या दारफूरच्या निर्वासित कॅम्पात वापरलेली चूल ठाऊक आहे का? ती अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत बनवली, मुंबईत जन्मलेला आपलाच माणूस. सुदानमध्ये बायका लाकडासाठी तासन्‌तास चालायच्या आणि वाटेत हल्ले व्हायचे. गाडगीळांच्या मंडळींनी आधी तिथल्या बायका रांधतात कशा, ते बसून बघितलं. भांडी गोल बुडाची, वारा भणाणता, आणि ज्वारीचं घट्ट पिठलं जोर लावून घाटायचं. हलकी चूल असली तर घाटताना उलटायचीच. म्हणून चुलीला तोल दिला, वाऱ्याला आडोसा दिला. तीन दगडांच्या चुलीपेक्षा लाकूड निम्म्यावर आलं. पत्र्याचे कापलेले भाग मुंबईतून जायचे आणि तिकडं जोडले जायचे.

वहिनी, तुमच्याकडची बाईही भाकरी थापणार, तव्याला दणका देणार. पुण्याच्या दुकानातली नाजूक शेगडी आणायच्या आधी एक आणून तिच्यासमोर ठेवा आणि तिला वीस भाकरी करू द्या.

आणखी एक. जळण तुमच्या पायाखाली पडलंय. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करायची पद्धत काढली, त्यासाठी २००२ साली तिला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्या फलटणमध्ये हे काम पुष्कळांनी जवळून पाहिलंय. पाचट तसंच चुलीत घातलं तर भुर्रकन जातं आणि धूर उरतो. कोळसा केला तर धुराविना जळतं. मात्र पाचट भट्टीत घालायचं म्हणजे रानात कुजवायला कमी राहणार, तेव्हा शेतकऱ्याला आधी विचारा. आणि कोळशाची शेगडी बंद कोपीत कधीच ठेवायची नाही. धूर दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त झोपतात आणि आतल्या आत गुदमरतात.

इथल्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी एकाच यंत्रावर उजेड आणि स्वयंपाक दोन्ही व्हावं म्हणून 'लॅनस्टोव्ह' केला होता. खोपटात राहणाऱ्या माणसाला दोन वस्तू परवडत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. आज एलईडी स्वस्त झाल्यावर उजेडासाठी त्याची गरज उरलेली नाही. पण त्यामागचा विचार मला अजून पटतो.

माजलगावची_लेक (सध्या सांगली)

मी या विषयावर गप्प बसायचं ठरवलं होतं. माझे आईबाप बावीस-पंचवीस हंगाम तुमच्याच भागात तोडायला येतात. मी साखरशाळेत शिकले, आता सांगलीत नर्सिंग करते. 'हात पसरून उभी राहील' हे वाचलं आणि लिहायला बसले. काका, आम्ही उचल घेतो ती अंगावर फेडतो, हात पसरत नाही.

तुम्ही सगळे कोपीतल्या उजेडाचं बोलताय. आईला विचारलं तर ती म्हणेल, पहिला दिवा उसाकडच्या वाटेला. संडास नसतो. बायका पहाटे अंधारात फडाकडं जातात, बिबट्या आणि माणूस दोन्हीची भीती. दुसरा दिवा बाबांच्या टायर गाडीच्या मागं. रात्री भरलेली गाडी घेऊन कारखान्याकडं निघतात, मागून ट्रॅक्टर, ट्रक येतात, गाडीला मागं काही नसतं. तेव्हा कडी असलेला, अडकवता येणारा, पावसात न बिघडणारा दिवा बघा. घरात टांगायचा शोभेचा नको.

स्वयंपाकाचं: पहाटे तीनला उठून आई भाकरी करते, त्या चुलीवरच होणार. गॅसवर चहा, पोरांचं दूध, आल्यावर भात. म्हणजे गॅस आला तरी चूल राहते, जळण निम्मं लागेल एवढंच. बहुतेक घरांत उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, पण तो गावाकडं कुलपात. इथं पाच किलोचा 'छोटू' मिळतो ना, तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. सबसिडी नसते. पहिल्या सिलिंडरचे पैसे आणि शेगडी तुम्ही द्या, भरायचे पैसे आम्ही देऊ. दोन कोप्यांत एक पुरेल, बहिणी-जावा शेजारीच असतात.

आणि हात जोडून सांगते, काहीही मुकादमाच्या हाती देऊ नका. वाईट म्हणून नाही. त्याच्या वहीत ते चढतं आणि हंगामाच्या हिशेबात आमच्याच नावावर निघतं. बाईच्या हातात द्या, नाव लिहून द्या.

कृष्णाकाठची_वहिनी

ताई, तुझं आधी वाचायला हवं होतं मी. आम्ही गेल्या वर्षी चादरी मुकादमाकडंच दिल्या होत्या, त्यांचं काय झालं ते आता विचारावं लागेल.

काल गायरानात जाऊन आले. चार्जिंग तुमच्याकडं म्हटल्यावर सूर बदलला, पण लगेच दुसरा वाद निघाला, की सांभाळणार कोण. दोन घरांत बोलणं नाही. शेवटी एक विधवा बाई आहे, शिवणकाम करते, दिवसभर घरीच असते, तिच्यावर सगळ्या तयार झाल्या. ती मला म्हणाली, पैसे घ्यायला मला लाज वाटेल, त्यांच्याकडं तरी कुठं असतात. मोबाईलचे दोन रुपये घ्यायचे आणि दिवा फुकट, असं तूर्त ठरलंय.

पंपवाले दादा, दोन प्रश्न. शेजाऱ्यानं सौर कृषिपंप बसवलाय, त्याचे पॅनेल संध्याकाळी रिकामेच असतात, त्यावर काही जमेल का? आणि कोपीत गॅस ठेवायला मालक घाबरतायत. वर पाचट, खाली पाचट.

वाडीचा_पंपवाला

संध्याकाळी पॅनेल रिकामा असतो कारण ऊनच नसतं, वहिनी. त्या पंपाला बॅटरी नसते, दिवसा ऊन असेल तेव्हाच चालतो. कंट्रोलरमध्ये हात घालायला जाऊ नका, वॉरंटी जाईल आणि शेजारीही जाईल.

मालकांची भीती बरोबर आहे. कोपीच्या आत गॅस नकोच. प्रत्येक चार कोप्यांमागं पत्र्याचा तीन बाजूंनी बंद आडोसा करा, वर पत्रा, पाचट नाही, जमिनीवर नुसती माती. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर दगडी ओट्यावर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून खड्ड्यात किंवा उताराच्या खोलगटात आडोसा नको. नळी खऱ्या मार्कची घ्या. बैल नळी चघळतात, हे कुतुपालाँगला शिकायला मिळालं नाही, ते माझ्या आत्याच्या गोठ्यात बघितलंय.

माजलगावच्या ताईंचं गाडीच्या दिव्याचं एकदम पटलं. लाल काच किंवा लाल जिलेटिन लावलेले चार-पाच वेगळेच ठेवा, गाडीवानांच्या नावानं. पांढरा दिवा मागं लावला तर मागच्याच्या डोळ्यांवर येतो.

जुना_बागायतदार

लेकी, शब्द चुकला माझा, राहू दे.

वहिनी, जुनी द्राक्षबाग काढली त्याचे अँगल पडलेत माझ्याकडं, गंजलेत पण जाड आहेत. पॅनेलच्या स्टँडला आणि त्या पत्र्याच्या आडोशाला होतील. तारही आहे. तुमच्याकडून छोटा हत्ती पाठवा, भरून देतो. वेल्डरचं तुमचं तुम्ही बघा.

वाडीचा_पंपवाला

वेल्डर नको, भोकं पाडून बोल्ट मारू, मी येतो एका रविवारी. अँगल सहा फुटांचे ठेवा, त्याहून बुटकं केलं तर शेळ्या चढतात. आणि वहिनी, स्टँड लावायच्या आधी त्या शिवणकामवाल्या ताईंच्या घरावर दुपारी तीननंतर कुठल्या झाडाची सावली येते ते बघून ठेवा.